बंडीच्या खिशात मावणारा कॅमेरा

वडगावातली ती माडीवरची खोली मला मिळाली ती माझ्या पाठीमुळे.

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी ना नाव विचारलं, ना गाव. नोकरीचं पत्र मी हातात धरून होतो, तिकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मला दारात उभं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वळ की जरा."

"कुणीकडं?"

"पाठ कर माज्याकडं."

मी वळलो. त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर मागून दोन बोटांत धरली, उलटी केली, निरखली. मग पँटची मागची शिवण बघितली, मग चपलांच्या टाचा. पोलिसांनी संशयावरून धरल्यासारखा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मध्येच स्वयंपाकघरातून एक बाई डोकावल्या, आणि यात काही विशेष आहे असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. त्या परत आत गेल्या आणि फोडणीचा आवाज आला.

"ऱ्हा," ते म्हणाले. "समोरनं सगळीच इस्त्री मारत्यात. मागनं कळतंय मानूस."

हे आमचे अण्णा, आणि त्या डोकावलेल्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आक्का. मी त्यांच्याकडे साडेतीन वर्षं राहिलो. नंदगडकडच्या आमच्या गावातून उद्यमबागेतल्या कारखान्यात रोज येऊन-जाऊन नोकरी करणं मला जमेना, म्हणून खोली घेतली होती. बत्तीस वर्षांच्या बिनलग्नाच्या माणसाला खोली द्यायला तोवर कुणी तयार नव्हतं. त्या सगळ्यांनी मला समोरून बघितलं होतं.

अण्णांची ही खोड मागावरची. साड्या विणण्यात त्यांची पंचेचाळीस वर्षं गेली, आणि मागावर साडी उलटी विणली जाते. सुलट बाजू खाली जमिनीकडे, उलटी विणकराच्या तोंडासमोर. काठावरची नक्षी नीट उतरतेय का ते बघायचं तर कापडाखाली आरसा धरून वाकावं लागतं. एवढी वर्षं उलट्या बाजूकडे बघत बसलेल्या माणसाला सुलट बाजूत काही रस उरला नव्हता. जेवायला बसले की ताट आधी उपडं करून बघायचे. लग्नपत्रिका आली की मागे छापखान्याचं नाव वाचायचे, आणि लग्न कुणाचं ते आक्कांना विचारायचे. देवाच्या तसबिरीसुद्धा मधून मधून उलट्या होत. "देवाची तरी पाठ सोडा," असं आक्का म्हणायच्या. मागाखाली धरायचा तो टीचभर आरसा मात्र अजून त्यांच्या बंडीच्या डाव्या खिशात असे. उजवा खिसा रिकामा होता, आणि ही सगळी गोष्ट त्या उजव्या खिशाची आहे.

मी राहायला गेलो तेव्हा अण्णांचे दोन्ही माग विकून झाले होते. पहिल्याच आठवड्यात आक्का मला जिन्याखाली गाठून म्हणाल्या, "ही मोकळी खोली बघितलासा न्हवं? हितं माग हुतं. गुडघं गेलं ह्यांचं, इकलं. त्या दिवसापासनं सा महिनं हितं स्टूल टाकून बसत्यात. बोलनं न्हाय, चिडनं न्हाय. जमिनीतनं मागाचं चार बोल्ट वर ऱ्हायल्यात, त्यांच्याकडं बघत ऱ्हात्यात." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "येता-जाता बोलत जावा. कायबी बोला. भांडलं तरी चालंल."

मी प्रयत्न केला. क्रिकेट, भाजीचे भाव, पिरनवाडीकडे वाढलेली घरं, सगळं काढून बघितलं. अण्णा बोल्टांकडे बघत "व्हय" म्हणायचे आणि तेवढ्यावर विषय मिटायचा. मला वाटलं, कॉलर बघितली तेवढंच यांचं आयुष्यातलं शेवटचं काम.

त्यांना स्टुलावरून उठवलं ते आक्कांच्या डोळ्यांनी, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांनी.

आक्कांचा उघड्या डोळ्यांचा फोटो जगात नव्हता. लग्नातल्या फोटोत अण्णा छाती काढून उभे आणि शेजारी आक्का डोळे मिटून. रेशनकार्डावर डोळे मिटलेले, मतदानाच्या कार्डावर मिटलेले. आधार कार्डावर तेवढा डावा डोळा निम्मा उघडा होता, आणि ते कार्ड आक्का कौतुकाने दाखवायच्या. पुण्याला मुलीच्या घराची वास्तुशांत झाली, तिचा मोठा फोटो फ्रेम करून आला. सोळा माणसं दात काढून हसताहेत आणि मधोमध आक्का उभ्या उभ्या झोपल्यात. जावयाने फोनवर चेष्टा केली, "मामी झोपेतच आलत्या काय वास्तुशांतीला?"

आक्का पोट धरून हसल्या. अण्णा हसले नाहीत. ते स्टुलावरून उठले, फ्रेम भिंतीवरून काढली, उलटी करून पुठ्ठा बघितला, परत लावली. मग ट्रंक उघडून एक घडी काढली. मागावरून उतरलेली त्यांची शेवटची साडी होती ती, डाळिंबी रंगाची, आक्कांसाठी विणलेली आणि आक्कांनी अजून न नेसलेली.

"ही साडी नेसून, डोळं उघडं ठिवून, हिचा एक फोटू," अण्णा म्हणाले. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं. "तेवढा काडला की मी मोकळा."

आक्कांनी एकदा त्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. मला त्या वेळी त्यात काही कळलं नाही.

सुरुवात माझ्या फोनने झाली. अण्णांनी आक्कांना कढीपत्त्याच्या झाडाशेजारी उभं केलं. फोन वर केला की डोळे बंद, खाली घेतला की उघडे. मग अण्णा झाडाआड लपले. मग मला शिकवून ठेवलं, आणि मी ऐन वेळी "आक्का, दूध उतू चाललंय" म्हणून ओरडलो. त्या डोळे मिटूनच स्वयंपाकघराकडे धावल्या आणि उंबऱ्याला ठेचकाळल्या. एकदा बटण दाबून धरून एका दमात बेचाळीस फोटो काढले. बेचाळीसच्या बेचाळीस झोपलेले.

वर त्या डाळिंबी साडीचा नुसता घडीचा फोटो काढला, तो अण्णांनी बराच वेळ बघितला. "हे काय? डाळिंबाचा टमाटा केलाय ह्यानं."

"फोन आपोआप ठरवतो अण्णा रंग."

"मला इचारून का न्हाय ठरवत?" ते म्हणाले. "उजेड सोताच्या मनानं, रंग सोताच्या मनानं. फोटू काडताना 'टिंग' करून तिला सांगतोय, मिट म्हनून. मागानं कदी असा आगाऊपना केला न्हाय."

तेव्हा मी चुकून म्हणालो की असे छोटे कॅमेरे मिळतात ज्यांत सगळं आपल्या हाताने ठरवता येतं. वेग, उजेड, रंग, सगळं. आवाज बंद करता येतो, दिवा बंद करता येतो.

"खिशात मावतोय?"

"कोटाच्या खिशात मावतो म्हणतात."

"बंडीच्या?" अण्णांनी उजवा खिसा ताणून दाखवला. कॅमेरा दिसला की आक्का मिटणार, त्यामुळे तो खिशात मावलाच पाहिजे आणि खिशातून निघून डोळ्याला लागेपर्यंत तिला कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. यात चूक काढायला मला जागा नव्हती.

ते आत जाऊन मागाचा एक जुना पुठ्ठा घेऊन आले. या पुठ्ठ्यांना ओळीने भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि त्यातून काठावर मोर उमटतो. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला अण्णांनी पेन्सिलीने कॅमेऱ्याचं माप आणि अटी लिहून काढल्या. डिजिटल म्हणजे नक्की काय, असं त्यांनी मधेच विचारलं, तेव्हा मी शून्य आणि एक समजावून सांगायला लागलो.

"म्हंजे भोक हाय, भोक न्हाय," अण्णा म्हणाले. "हे मला सांगालास व्हय? मी जल्मभर आनि काय केलो?"

त्यानंतर दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातली साबणाची डबी नाहीशी झाली. मापाने ती बरोबर त्या पुठ्ठ्यावरल्या कॅमेऱ्याएवढी होती. अण्णा ती उजव्या खिशात घालून सराव करायला लागले. दूधवाला आला, काढली डबी, लावली डोळ्याला, ठेवली खिशात. दूधवाला पहिल्या दिवशी दचकला, दुसऱ्या दिवशी त्याने टोपी सरळ केली. गल्लीत सगळ्यांना सवय झाली. कुणी कुणी तर थांबून विचारायचे, "आला काय न्हाय बरा?" आणि अण्णा डबी उलटी करून बघून गंभीरपणे म्हणायचे, "हाललास."

सगळ्यांत कहर म्हणजे आक्का. अण्णांनी दाराआडून डबी काढली रे काढली की आक्कांचे डोळे गपकन मिटत. साबणाच्या डबीला. मी जेवता जेवता हे बघितलं आणि मला ठसका लागला. एवढी खोल खोड मोडायची तर कॅमेराही तसाच जबरदस्त लागणार, असं मी तेव्हा मनापासून म्हणालो, आणि अण्णा "तर" म्हणाले.

मग आमच्या खडेबाजाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या दुकानाचा मालक कानडी बोलणारा, अतिशय सभ्य माणूस. पहिल्या दिवशी "बर्री अण्णा, कुंद्री," म्हणजे या, बसा, असं म्हणून त्याने चहा मागवला. फोन आल्यापासून असले छोटे कॅमेरे कुणी घेत नाही म्हणून काचेच्या कपाटात तीनच उरले होते, आणि कुणी तरी विचारायला आलं याचंच त्याला अप्रूप वाटलं. त्याने पहिला कॅमेरा पुढे ठेवला. अण्णांनी तो पालथा घातला.

"सर, लेन्स हिकडं आहे."

"असू दे. तोंड मग बगू."

आधी बूड बघितलं. मग पाठ बघितली, कोणती बटणं कुठे आहेत ते अंगठ्याने चाचपलं. मग वरची चकती कानाशी धरून डोळे मिटले आणि एक एक खट मोजत फिरवली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी वळून बघायला लागली. "सातवं घर ढिलं हाय," असा निकाल देऊन अण्णांनी कॅमेरा परत केला. दुसऱ्याला चकतीच नव्हती, सगळं पडद्यावर बोट लावून. "नुस्ती काच हाय ही. बोटाला कळनार काय?" तिसरा सगळ्या बाबतीत पसंत पडला, पण बंडीच्या खिशात अर्धं बोट वर राहिला. मालक म्हणाला, खिसा थोडा मोठा करून घ्या. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याने कॅमेरा स्वतःच उचलून कपाटात ठेवला.

चौथ्या फेरीपासून मालक नुसतं "बर्री" म्हणायला लागला, "कुंद्री" गळालं. सातव्या फेरीला तो आम्हाला बघून आत निघून गेला आणि समोर नव्या सेल्समनला उभं केलं. सेल्समन पोपटासारखा बोलत होता. लेन्समध्ये एक भोक असतं, त्यातून उजेड आत येतो. त्या भोकाला आकडे असतात, पण आकडा मोठा तर भोक लहान, आकडा लहान तर भोक मोठं. "हे उलटं का ते विचारू नका," तो म्हणाला. "सगळेच चुकतात. मीपण."

"उलटं काय त्यात?" अण्णा म्हणाले. "ऐंशी नंबराचं सूत चाळीसपरास बारीक असतंय का न्हाय? आकडा वाडला की सूत बारीक. तसंच भोक."

आतून मालक बाहेर आला. त्याने ते पुन्हा म्हणायला लावलं. वडगाव-शहापूरच्या गिऱ्हाइकांना हा आकडा पटवता पटवता त्याची हयात गेली होती, आणि उत्तर त्याच्या गिऱ्हाइकांच्या घरात पडलेलं होतं. त्या दिवसापासून "बर्री, कुंद्री" परत आलं, चहाबरोबर खारी आली. अण्णा दुपारी तिथे जाऊन बसायला लागले. कुणी कॅमेरा बघायला आलं की मालक बोट दाखवायचा, "त्यांना विचारा." अण्णा आधी गिऱ्हाइकाची कॉलर मागून बघायचे आणि मग त्याला कोणता कॅमेरा झेपेल ते सांगायचे.

असं दीड वर्ष चाललं. इंटरनेटवर मी शंभर कॅमेरे दाखवले असतील. घरपोच येईल म्हणालो, तर म्हणाले, "हात न लावता कापडबी घेऊ नये." मी वैतागलो होतो. रोज संध्याकाळी कारखान्यातून आलं की अण्णा जिन्यात तयार, आज सापडला काय, म्हणून. एकदा मी फटकन बोललो, "अण्णा, एवढा वेळ तर लोक पोरगी बघायला लावत नाहीत." ते म्हणाले, "म्हनूनच तुजं झालं न्हाय." आक्का आत हसल्या ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

शेवटी दुकानाच्या मालकानेच पत्ता दिला. निपाणीत तंबाखूचे एक जुने व्यापारी होते, त्यांच्या मुलाने परदेशातून असा कॅमेरा आणून दिला होता आणि तो कपाटात पडून होता. आम्ही एका रविवारी बसने निघालो. व्यापारी ओसरीवर बसले होते, सगळ्या घराला तंबाखूचा वास. त्यांनी कॅमेरा रुमालातून काढून पाटावर ठेवला. अण्णांनी तो पालथा घातला, बूड बघितलं, पाठ चाचपली, चकती कानाशी धरली.

व्यापारी हे सगळं बघत होते. "आमीबी पान असंच बघतो," ते म्हणाले. "उलटं. शिरा मागं दिसत्यात."

"मग," अण्णा म्हणाले.

"काय काडनार ह्यानं?"

"बायकूचं डोळं."

व्यापाऱ्यांनी मान डोलावली. मग त्यांनी अण्णांच्या हातावर टॉवेल टाकला, टॉवेलाखाली दोघांची बोटं थोडा वेळ हलली, आणि सौदा झाला. काय ठरलं ते मला अजून माहीत नाही. परतीच्या बसमध्ये कॅमेरा अण्णांच्या उजव्या खिशात होता, तंतोतंत बसलेला. साबणाची डबी त्यांनी माझ्या हातात दिली. "ही तुला," ते म्हणाले. एखादी जमीन नावावर करून द्यावी तशा थाटात.

मला वाटलं, आता दोन दिवसांचं काम. दोन महिने गेले. अण्णांनी आवाज बंद केला, दिवा बंद केला. धोतराच्या तुकड्यावर कॅमेरा रोखून पांढरं कशाला म्हणायचं ते त्याला शिकवलं. वेग एवढा लावला की चालता पंखा फोटोत थांबलेला दिसे. पण आक्का त्या पंख्यापेक्षा जलद होत्या. तांदूळ निवडताना मिटलेल्या, तुळशीला पाणी घालताना मिटलेल्या, मला रागे भरतानासुद्धा मिटलेल्या.

एका सकाळी अण्णा दळण आणायला गेले होते आणि आक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. तोवर मी त्यांच्या लेखी "तुमी"चा "तू" झालो होतो; स्वतःबद्दल मात्र त्या आमच्या सीमाभागातल्या सगळ्या बायकांसारख्या "आलो, गेलो"च म्हणायच्या. मी म्हणालो, "आक्का, एकदाच नेट लावून डोळे उघडे ठेवा की. म्हातारा माणूस, किती धावपळ करायचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे चांगले टपोरे होते.

"साबनाच्या डबीला कोन डोळं मिटतंय रं खुळ्या?"

मी शेंग तशीच हातात धरून बसलो.

"लग्नातलं खरं मिटलं," आक्का म्हणाल्या. "त्या दिव्याला घाबारलो मी. वास्तुशांतीतलंबी खरं. पर त्या दिवशी ह्ये म्हनाले न्हाईत का, एक फोटू काडला की मी मोकळा? मोकळं हून कुठं जानार? त्या स्टुलावर? मी ठरीवलो, उघडायचंच न्हाय. फोटू न्हाय मिळाला की मानूस उटतोय, कपडं करतोय, बाजारात जातोय, भांडतोय. मिळू दे की दोन वर्सांनी." त्यांनी सुपातली टरफलं फुंकली. "ह्यास्नी सांगशील तर खोली खाली कर."

मी सांगितलं नाही. उलट त्या दिवसापासून मी अण्णांना मनापासून वाईट सल्ले द्यायला लागलो. उजेड कमी आहे, कोन चुकला, उद्या बघू. मला त्या दोघांचा फार लळा लागला होता, आणि त्या स्टुलाची मलाही भीती वाटायची.

त्याच सुमारास गल्लीत वेगळंच काही सुरू झालं. विणकर साड्यांचे फोटो फोनवर काढून व्यापाऱ्यांना पाठवायचे आणि रंग जुळला नाही म्हणून साड्या परत यायच्या. एकाने सहज अण्णांकडून फोटो काढून घेतला. त्यात अंजिरी अंजिरीच दिसला. महिन्याभरात दारात लोक साड्या घेऊन उभे राहू लागले. अण्णांनी मागाची मोकळी खोली चुन्याने रंगवून घेतली. जमिनीतल्या त्या चार बोल्टांना दोऱ्या बांधून साडी ताणायची आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा. आधी अर्थात उलट्या बाजूचा. व्यापाऱ्यांनाही ते आवडलं, म्हणे. स्टूल आता साड्या ठेवायला लागत होतं, त्यामुळे बसायला मिळत नाही अशी अण्णांची तक्रार असायची.

दसऱ्याच्या सकाळी जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. गुडघ्यांमुळे अण्णा माडीवर कधी आले नव्हते. दारात ते उभे, हातात कॅमेरा, त्याची पाठ माझ्याकडे केलेली.

पडद्यावर आक्का होत्या. डाळिंबी साडी, डाळिंबीच दिसणारी. भिंतीवरच्या आरशासमोर उभ्या राहून केसांत शेवंती खोवताहेत, आणि अण्णांनी पाठीमागून आरशातल्या आक्कांचा फोटो काढलाय. आरशात आक्कांचे दोन्ही डोळे सताड उघडे. त्या सरळ लेन्सकडे बघताहेत. खांद्यामागे अण्णांची बंडी, आणि अण्णांचाच एक डोळा मिटलेला.

खाली साड्यांसाठी चार माणसं थांबली होती, त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. आक्कांनी आज का उघडले, ते मला कळलं. तोंडावर जमेल तेवढं आश्चर्य आणून मी म्हणालो, "अण्णा, जमलं कसं?"

ते दाराला टेकून श्वास घेत होते. मग माझ्याकडे, समोरून, असं निरखून बघितलं की मला उगीच कॉलरची आठवण झाली.

"तुला अजून कळलं न्हाय व्हय?" ते म्हणाले. "लेका, साबनाच्या डबीला कोन डोळं मिटतंय?"

मी खाटेवर बसलो.

"मी उलटी बाजू बगनारा मानूस," अण्णा म्हणाले. "पयल्या दिवशीच वळखलो. पर माग हुता तवा पंचेचाळीस वर्सं ती आत सैपाकघरात, मी मागावर. खडखडाटात काय बोललं ऐकू यायचं न्हाय. माग गेलं तर मलाच बोलाय सुचंना. आनि आता ती दिवसभर माझी वाट बगायची, कुठनं येतोय म्हनून. दाराआड हासत उभी ऱ्हायची. कॅमेरा घ्यायला मी दीड वर्स उगंच लावलो व्हय? दुकानातला पयलाच चांगला हुता."

"सातवं घर ढिलं होतं म्हणालात."

"कुठलं ढिलं. बेस हुतं." त्यांनी कॅमेरा खिशात घातला. "तिला सांगू नगंस. न्हायतर खोली खाली कर."

तो फोटो भिंतीवर काही लागला नाही. आक्का म्हणाल्या, "मी अशी रागीट दिसतो व्हय?" अण्णा म्हणाले, हिच्यासमोर बसून जेवण जाणार नाही. फोटो ट्रंकेत गेला, भिंतीवर आक्का अजून उभ्या उभ्या झोपलेल्याच आहेत. आणि अण्णांची दाराआडून खिशातला कॅमेरा काढायची धावपळ तशीच चालू राहिली, आक्कांचं मिटणंही. दोघांनीही मला तंबी दिलेली असल्यामुळे मी दोघांकडे बघून सारखाच गंभीर चेहरा ठेवायचो. तो प्रकार अवघड होता, कारण दोघंही समोरासमोर बसून "ह्या खेपेला का मिटलं रं?" असं मलाच विचारायचे.

पुढच्या वर्षी माझी हुबळीला बदली झाली. निघायच्या दिवशी अण्णांनी तिघांचा एक फोटो काढायचं ठरवलं. मागाच्या खोलीत त्या जुन्या स्टुलावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला. दोन वेळा गुडघ्यांनी दगा दिला आणि फोटोत फक्त अण्णांची पाठ आली. ती त्यांनी ठेवून घेतली. तिसऱ्या वेळी ते येऊन पोचले. मी मधे, एकीकडे अण्णा, एकीकडे आक्का. आतून गलबलून येत होतं आणि मला ते दाखवायचं नव्हतं.

अण्णांनी कॅमेरा उचलला, पाठ बघितली. आक्कांचे डोळे उघडे होते, अण्णांचेही.

"तू मिटलास," ते मला म्हणाले.

"परत काढा की."

"आता न्हाय." कॅमेरा खिशात गेला. "परत येशील तवा."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. साबणाची डबी हुबळीला माझ्या टेबलावर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी मी गाडीत बसतो आणि वडगावात जातो. आक्का थालीपीठ लावतात, अण्णा स्टुलावरच्या साड्या उचलून तिथे कॅमेरा ठेवतात, आम्ही तिघं त्या चार बोल्टांच्या मधोमध उभे राहतो. गेल्या रविवारी गेलो तेव्हाही तेच झालं. अण्णांनी कॅमेरा पालथा केला, बघितलं आणि मान हलवली.

"पुना मिटलास रं."

"काय करू अण्णा," मी म्हणालो, "आपोआप मिटतात."

आक्का चहा टाकायला आत गेल्या. अण्णांनी माझ्या शर्टाची कॉलर मागून जरा उलटी करून बघितली, आणि म्हणाले, "बरं. पुढच्या खेपेला बगू."